अमेरिकन लिलावात १९०० ते १९३० मधलं चित्र घेताना: आधी काय, नंतर काय

न्यू जर्सी, बोस्टन, शिकागोकडची मराठी मंडळी आणि अलीकडे पुण्या-मुंबईत बसून ऑनलाइन बोली लावणारे वाचकही जुन्या अमेरिकन चित्रांच्या लिलावात उतरू लागले आहेत. त्यांच्या हातून होणारी चूक बहुतेक वेळा एकच असते. चित्र आवडतं, छापलेली अंदाजित किंमत परवडेल असं वाटतं, बोली लागते, हातोडा पडतो, आणि चौकशी त्यानंतर सुरू होते. कागदावरचे डाग कशाचे, सही कुणाची, एवढं मोठं बिल का आलं, हे भारतात कसं न्यायचं. हे सगळे प्रश्न बोलीच्या आधीचे आहेत. हातोडा पडला की करार पूर्ण होतो आणि 'मला माहीत नव्हतं' म्हणून कुणी पैसे परत देत नाही.

हा लेख त्या क्रमासाठी आहे. उदाहरणं मुख्यतः ॲशकॅन मंडळींच्या, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कचं रोजचं, रस्त्यावरचं जगणं रंगवणाऱ्या चित्रकारांच्या कामातून घेतली आहेत: रॉबर्ट हेन्री, जॉन स्लोन, विल्यम ग्लॅकन्स, जॉर्ज लक्स, एव्हरेट शिन आणि त्यांच्या पाठोपाठ आलेला जॉर्ज बेलोज. या काळातली मोठी तैलचित्रं कोटींच्या भाषेत विकली जातात. एडवर्ड हॉपरचं 'चॉप सुई' २०१८ मध्ये क्रिस्टीजला ९ कोटी १९ लाख डॉलरना गेलं. पण याच पिढीतली पेन्सिल-शाईची रेखाटनं नोकरदार माणसाच्या आवाक्यात आजही येतात, आणि सगळ्यात जास्त चुका होतात त्या नेमक्या तिथेच.

## टप्पा १: आधी क्षेत्र लहान करा

'जुनी अमेरिकन चित्रं' हे क्षेत्र होत नाही. एक-दोन चित्रकार, एक माध्यम आणि एक कालखंड निवडा. उदाहरणार्थ, ग्लॅकन्सची शाईची रेखाटनं, किंवा शिनची पेस्टल. एवढं लहान केलंत तरच पुढच्या तपासण्या नीट होतील, कारण तुलना सारख्या गोष्टींचीच होते.

स्लोन, लक्स, ग्लॅकन्स आणि शिन हे चौघेही फिलाडेल्फियात वर्तमानपत्रांसाठी चित्रं काढत होते. त्यामुळे त्यांची बरीच रेखाटनं भिंतीसाठी नव्हे, छापखान्यासाठी झाली. कडेला निळ्या पेन्सिलीतल्या सूचना, चुकलेल्या रेषेवर पांढरा रंग, मागे संपादकीय शिक्का किंवा मापं दिसली तर नवखा माणूस चित्र 'खराब' समजून सोडून देतो. माझ्या मते छपाईसाठी केलेल्या रेखाटनावर या खुणा असणं चांगलंच, कारण त्या कागदाचा प्रवास सांगतात.

कुठे शोधायचं? सोथबीज आणि क्रिस्टीज सगळ्यांना माहीत असतात. कागदावरच्या कामासाठी न्यूयॉर्कचं स्वान, तिथलंच डॉयल, १८०५ पासून फिलाडेल्फियात असलेलं आणि २०२४ मध्ये शिकागोच्या हिंडमनबरोबर एकत्र आलेलं फ्रीमन्स, कनेटिकटचं शॅनन्स आणि बॉनहॅम्स यांची वेळापत्रकंही पाहा. पहिला एखादा लिलाव बोली न लावता नुसता शेवटपर्यंत बघा.

## टप्पा २: कॅटलॉगची नोंद शब्दशः वाचा

इथे घाई केली की पुढचे सगळे टप्पे वाया जातात. कॅटलॉगमधल्या प्रत्येक शब्दाला व्यावसायिक अर्थ असतो आणि तो अर्थ अटींच्या पानावर दिलेला असतो.

नुसतं 'जॉर्ज लक्स' असं नाव आणि जन्म-मृत्यूची वर्षं असतील तर लिलावगृह ते काम लक्सचं असल्याची हमी देतं. 'ॲट्रिब्युटेड टू' असेल तर काम बहुधा त्याचं आहे, पण खात्री नाही. 'सर्कल ऑफ' म्हणजे त्याच्या काळातल्या, त्याच्या जवळच्या कुणाचं तरी. 'मॅनर ऑफ' म्हणजे त्याच्या धाटणीचं, पण नंतरच्या काळातलं. 'आफ्टर' म्हणजे त्याच्या मूळ कामाची नक्कल. हमी पहिल्या प्रकारालाच मिळते.

सहीचंही तसंच. 'साइन्ड' म्हटलं की सही चित्रकाराची. 'बेअर्स सिग्नेचर' म्हटलं की सही आहे, पण ती त्याची असल्याचं लिलावगृह म्हणत नाही. 'इस्टेट स्टॅम्प' म्हणजे चित्रकाराच्या मृत्यूनंतर वारसांनी मारलेला शिक्का. यात फसवणूक नाही, पण किंमत वेगळी पडते. बेलोज १९२५ मध्ये गेला. त्याच्या काही लिथोग्राफवर (दगडावर काढून कागदावर छापलेल्या चित्रांवर) त्याच्या नावाची सही पत्नी एमाने केली आणि शेजारी स्वतःची आद्याक्षरं लिहिली. ती आद्याक्षरं दिसली तर नोंदीत तसा उल्लेख आहे का, ते पाहा.

तारखेकडे दोनदा बघा. शिन १९५३ पर्यंत जगला आणि उतारवयातही तो रंगमंचाच्या जुन्या विषयांकडे वळत राहिला. विषय १९०५ सालचा वाटतो म्हणून काम १९०५ सालचं ठरत नाही.

सावधान: बेलोजने १९१६ पासून लिथोग्राफ केले, तेही मेणाच्या खडूने दगडावर. फोटोत ते हुबेहूब खडूच्या रेखाटनासारखे दिसतात. माध्यमाच्या ओळीत 'लिथोग्राफ' की 'क्रेयॉन ऑन पेपर' हे न वाचता बोली लावणारे आहेत. रेखाटन एकमेव असतं आणि लिथोग्राफच्या अनेक प्रती असतात.

## टप्पा ३: कंडिशन रिपोर्ट मागवा, मग प्रश्न विचारा

कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्र सध्या कोणत्या अवस्थेत आहे याचा लिलावगृहाचा अहवाल, बहुधा फुकट मिळतो. कॅटलॉग खुला झाला की लगेच मागवा, लिलावाच्या आदल्या रात्री नाही. कॅटलॉगमध्ये दोषाचा उल्लेख नाही याचा अर्थ दोष नाही असा होत नाही, हे जवळजवळ प्रत्येक लिलावगृहाच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. वस्तू 'जशी आहे तशी' विकली जाते.

कागदावरच्या कामासाठी हे प्रश्न लेखी विचारा:

- कागद पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवलेला आहे, की वरच्या कडेला कागदी बिजागरीवर टांगलेला?
- कडा मूळच्या आहेत की कापलेल्या? सहीच्या अगदी जवळून कापलेला कागद असेल तर कारण विचारा.
- फ्रेमबाहेर काढून तपासला का? 'फ्रेममध्ये पाहिला' असं उत्तर आलं तर अर्धी तपासणी बाकी आहे असं समजा.
- तपकिरी ठिपके आहेत का, आणि ते चेहऱ्यावर किंवा मोकळ्या जागेत आहेत का?
- जुन्या आम्लयुक्त पुठ्ठ्याच्या खिडकीमुळे चौकोनी तपकिरी रेघ उमटली आहे का?
- चिकटपट्टीचे डाग पुढच्या बाजूने दिसतात का?

ठिपके आणि पुठ्ठ्याची रेघ बऱ्याचदा तज्ज्ञ संवर्धक कमी करू शकतो. उन्हाने उडालेला जलरंग मात्र कुणीही परत आणू शकत नाही. आकाशाचा निळा फिका पडून राखाडी झालाय असं वाटलं तर फ्रेमच्या कडेखाली झाकलेल्या भागाचा फोटो मागा. तिथला निळा जास्त गडद असेल तर उत्तर मिळालं.

तैलचित्रासाठी वेगळे प्रश्न आहेत. मागून नवा कॅनव्हास लावला आहे का? अतिनील प्रकाशात नंतरची डागडुजी कुठे दिसते? आकाशाच्या कोपऱ्यातल्या दुरुस्तीने मला फारसा फरक पडत नाही. चेहरा, हात किंवा सहीभोवती दुरुस्ती असेल तर मी पुढे जात नाही.

तपासा: अतिनील प्रकाशात कागद निळसर-पांढरा चमकतो का, हे जरूर विचारा. कागद उजळ दिसावा म्हणून घातली जाणारी रसायनं साधारण १९५० नंतर रुळली. १९१२ चं म्हणून सांगितलेलं रेखाटन तसं चमकत असेल तर कागद त्या काळातला नाही. तैलचित्रात टायटॅनियम व्हाइटचंही तेच. हा रंग चित्रकारांच्या हातात १९२० च्या दशकात आला, त्यामुळे १९०८ च्या चित्रात तो मूळ थरात सापडला तर थांबा.

कागद किती बोलतो याचं एक उदाहरण. चित्रकार जॉर्जिया ओकीफ १९१६ ते १९१८ टेक्ससमधल्या कॅनियन गावी शिकवत होती. त्या काळातले म्हणून २८ जलरंग १९९० च्या दशकात सुमारे ५० लाख डॉलरना विकले गेले आणि कॅन्सस सिटीच्या केम्पर संग्रहालयात लागले. १९९९ मध्ये तिच्या कामांची अधिकृत सूची निघाली तेव्हा त्यांतलं एकही त्यात घेतलं गेलं नाही. त्यातले काही कागद त्या काळात उपलब्धच नव्हते. पैसे परत मिळाले, कारण विकणारा जाणता गॅलरीवाला होता. लिलावात तशी खात्री धरू नका.

## टप्पा ४: चित्र उलटं करा, निदान फोटोत

मागच्या बाजूचा फोटो न पाहता बोली लावू नका. संपूर्ण मागची बाजू, फ्रेमसकट आणि फ्रेमशिवाय, असे दोन फोटो मागा.

मागे गॅलरीची चिठ्ठी असते, प्रदर्शनाचा क्रमांक असतो, जुन्या मालकाचं नाव असतं. चिठ्ठी वाचताना पत्ता बघा. न्यूयॉर्कच्या मॅकबेथ गॅलरीत १९०८ साली 'द एट' या आठ चित्रकारांच्या गटाचं प्रदर्शन झालं तेव्हा ती पाचव्या अव्हेन्यूवर ४५० क्रमांकाच्या जागेत होती, नंतर ५७ व्या रस्त्यावर गेली. पत्ता आणि सांगितलेलं साल जुळतंय का? पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर चिठ्ठी १९६३ च्या आधीची असूच शकत नाही, कारण झिप कोड त्या वर्षी सुरू झाले. नंतरची चिठ्ठी असणं हा दोष नाही, चित्र नंतर पुन्हा विकलं गेलं असेल. पण 'थेट चित्रकाराकडून, १९१५' असा दावा करून पुरावा म्हणून तीच चिठ्ठी दाखवली असेल तर दावा टिकत नाही.

मग चिठ्ठीवरचा क्रमांक पडताळा. मॅकबेथ गॅलरीची दप्तरं स्मिथसोनियनच्या 'आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्ट'मध्ये आहेत आणि ऑनलाइन चाळता येतात. स्लोनची कागदपत्रं डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनच्या कला संग्रहालयात आहेत. ग्लॅकन्सच्या कामाचा मोठा संग्रह फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलच्या संग्रहालयात आहे. हॉपरच्या विकलेल्या चित्रांच्या वह्या त्याची पत्नी जोसेफिन ठेवायची, प्रत्येक नोंदीशेजारी त्या चित्राचं छोटं रेखाटन असायचं. त्या वह्या व्हिटनी संग्रहालयात आहेत. नम्र ईमेल पाठवा, चित्राची मापं आणि दोन्ही बाजूंचे फोटो जोडा. उत्तराला वेळ लागतो, म्हणून हे काम तिसऱ्या टप्प्याबरोबरच सुरू करा.

चित्रकाराच्या सर्व कामांची अधिकृत सूची, म्हणजे कॅटलॉग रेझॉने, असेल तर काम त्यात आहे का ते पाहा. लिलावगृहाने 'सूचीत समाविष्ट होणार आहे' असं लिहिलं असेल तर त्या पत्राची प्रत मागा. तैलचित्रांच्या मानाने रेखाटनांच्या सूची अपुऱ्या असतात, त्यामुळे रेखाटन सूचीत नाही म्हणून लगेच ते खोटं ठरवू नका. मालकीच्या साखळीत मोठी पोकळी असेल आणि रक्कम मोठी असेल तर 'आर्ट लॉस रजिस्टर'कडे चोरीच्या नोंदी तपासून घ्या.

## टप्पा ५: किंमत आता बघा

इथवर येईपर्यंत अंदाजित किंमत मनातून बाजूला ठेवा. ती ग्राहक यावेत म्हणून मुद्दाम कमी ठेवलेली असू शकते. राखीव किंमत, म्हणजे ज्याच्या खाली मालक विकणार नाही ती रक्कम, सहसा खालच्या अंदाजापेक्षा जास्त नसते.

लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर जुने निकाल फुकट दिसतात. तोच चित्रकार, तेच माध्यम, साधारण तोच आकार आणि काळ असलेले पाच-सहा निकाल काढा. न विकली गेलेली कामंही लिहून ठेवा. ती यादी विकल्या गेलेल्या कामांइतकीच उपयोगी पडते.

सावधान: अंदाजित किमतीत लिलावगृहाचं शुल्क धरलेलं नसतं. जाहीर झालेल्या निकालात मात्र बहुधा ते धरलेलं असतं. हे दोन आकडे शेजारी ठेवून 'अंदाजाच्या वर गेलं' असं म्हणणं चूक आहे.

## टप्पा ६: एकूण रकमेपासून मागे या

खरेदीदाराला हातोड्याच्या किमतीवर 'बायर्स प्रीमियम' द्यावा लागतो. छोट्या रकमांवर तो बहुतेक ठिकाणी पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त असतो. लाइव्हऑक्शनियर्स किंवा इन्व्हॅल्युएबलसारख्या मंचावरून बोली लावली तर बऱ्याचदा वर आणखी काही टक्के पडतात. न्यूयॉर्क शहरात चित्र हातात घेतलं तर विक्रीकर ८.८७५ टक्के, तोही प्रीमियमसकट रकमेवर.

समजा एकूण ७,००० डॉलरच खर्च करायचे आहेत आणि प्रीमियम २६ टक्के आहे. पाठवणी आणि नवी फ्रेम मिळून ९०० बाजूला काढा, उरले ६,१००. कर वजा करायला १.०८८७५ ने भागा: ५,६०३. प्रीमियम वजा करायला १.२६ ने भागा: सुमारे ४,४४७. ही तुमची मर्यादा. अनेक ठिकाणी या टप्प्यात बोली ४,००० वरून ४,२०० आणि मग ४,५०० अशी चढते. म्हणजे तुमची शेवटची बोली ४,२०० ची.

हेच गणित न करता कुणी ७,००० वर हातोडा पाडून घेतला तर एकूण खर्च १०,५०० च्या वर जातो. दर अटींच्या पानावरून घ्या, ऐकीव आकड्यावरून नको.

## टप्पा ७: नोंदणी दोन-तीन दिवस आधी

ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, काही ठिकाणी बँकेचं पत्र किंवा अनामत लागते. पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्याला मंजुरी मिळायला वेळ लागतो, आणि लिलावाच्या सकाळी केलेला अर्ज कुणी बघेलच असं नाही.

भारतातून बोली लावत असाल तर वेळ नीट जुळवा. न्यूयॉर्कचे सकाळचे १० म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे ७:३०, हिवाळ्यात रात्रीचे ८:३०. पैसे पाठवायचा मार्गही आताच ठरवा. 'लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम'खाली माणशी आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात आणि कलावस्तूंच्या खरेदीलाही ही योजना चालते. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांच्या वरच्या अशा रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ गोळा केला जाणारा कर) कापते. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर तेवढी रोख अडकते. कस्टम ड्युटी आणि आयजीएसटीचा दर कस्टम्स एजंटकडून बोलीच्या आधी लेखी घ्या. चित्र शंभर वर्षांहून जुनं असलं तरी आयातीच्या वर्गीकरणात ते पुरातन वस्तूंच्या शीर्षकाखाली जात नाही, हाताने केलेल्या चित्रांच्या शीर्षकाखालीच राहतं. एजंटला हे विचारून खात्री करा.

## टप्पा ८: बोली

ज्याला आपला हात आवरत नाही, त्याने लेखी बोली देऊन ठेवावी. लिलावगृह तुमच्या वतीने गरजेपुरतंच वर जातं. फोनवरची बोली महाग लॉटसाठी, म्हणजे लिलावातल्या महाग वस्तूसाठी चांगली, पण अनेक ठिकाणी तिला किमान रकमेची अट असते. ऑनलाइनवर आवाज काही सेकंद मागे येतो, म्हणून शेवटच्या क्षणाची वाट बघणाऱ्याची बोली हुकते.

मर्यादा कागदावर लिहून समोर ठेवा. राखीव किमतीपर्यंत लिलावकर्ता विक्रेत्याच्या वतीने बोली लावू शकतो, अटींमध्ये तसं लिहिलेलं असतं. त्यामुळे सुरुवातीच्या चढाओढीवरून 'किती मागणी आहे' हे ठरवू नका.

लॉट विकला गेला नाही तर लिलाव संपल्यावर त्याच दिवशी विभागाला ईमेल करा. मालक बऱ्याचदा राखीव किमतीच्या आसपास द्यायला तयार असतो. नवशिक्यांनी हा रस्ता फार कमी वापरलेला दिसतो.

## टप्पा ९: पैसे आणि पाठवणी

पैसे सहसा सात दिवसांच्या आत द्यायचे असतात. उशीर झाला की साठवणुकीचं भाडं सुरू होतं. चित्र परदेशी थेट पाठवलं तर न्यूयॉर्कचा विक्रीकर लागत नाही, पण तुम्ही तिथे हातात घेतलंत की लागतो. नातेवाइकाला पाठवून उचलायचा बेत असेल तर हे आधी धरा. कुणी सामानातून भारतात आणणार असेल तर बिल सोबत ठेवून विमानतळावर जाहीर करायचंच.

पेस्टल किंवा कोळशाचं चित्र साध्या कुरिअरने पाठवू नका. रंगाची भुकटी हादऱ्याने गळते. कलावस्तूंची पाठवणी करणारा वाहतूकदार घ्या, चित्र आडवं आणि पुढची बाजू वर ठेवून न्यायला सांगा आणि विमा बायर्स प्रीमियमसकट पूर्ण रकमेचा काढा. फ्रेमला काच असेल तर तिच्यावर टेप आडवी-उभी लावलेली हवी, म्हणजे फुटली तरी तुकडे कागदावर पडणार नाहीत.

## टप्पा १०: घरी आल्यावर

खोका उघडताना फोटो काढा. नुकसान झालं असेल तर विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, खोकं आणि आतलं वेष्टन टाकून देऊ नका. मग कंडिशन रिपोर्ट हातात घेऊन चित्र ओळीने पडताळा.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळ्यात जुना कागद फार लवकर बिघडतो. आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के राहील अशी खोली निवडा, बाहेरची ओल येणारी भिंत टाळा आणि फ्रेमच्या मागे हवा खेळायला जागा ठेवा. कागदावर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) आसपास पुरे. चित्र खिडकीसमोर लावू नका.

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी लिहून द्या: पुठ्ठा आम्लविरहित हवा, कागद डिंकाने चिकटवायचा नाही, आणि पेस्टल-कोळशासाठी काचेऐवजी ॲक्रिलिकची पारदर्शक शीट नको, अतिनील किरण अडवणारी काच हवी. ॲक्रिलिकमध्ये स्थिर वीज साठते आणि रंगाची भुकटी वर ओढली जाते.

जुन्या फ्रेमच्या मागचा कागद फाडण्याआधी त्याचे फोटो काढा. चिठ्ठ्या सुटत असतील तर त्या पारदर्शक पाकिटात घालून नव्या फ्रेमच्या मागे ठेवा. बिल, कॅटलॉगचं पान, कंडिशन रिपोर्ट आणि संग्रहालयांची ईमेल उत्तरं एका फाइलीत लावा. चित्रकाराच्या नावाची हमी मोठ्या लिलावगृहांत सहसा पाच वर्षं असते आणि ती फक्त पहिल्या खरेदीदाराला, मूळ बिल असेल तरच मिळते. शंका घ्यायची तर त्या मुदतीत लेखी घ्या, आणि चित्र मुलांच्या नावे करायचं असेल तर मुदत संपल्यावर करा.